दप्तराचे ओझे आणि पुस्तकांची जागा



शाळा सुटण्याच्या वेळेला कोल्हारच्या नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला जरा उभे राहून बघा. मुले घराकडे निघालेली असतात. कोणी पुढे वाकून चालते, कोणी दप्तर एकाच खांद्यावर टाकलेले असते, कोणी सायकलच्या हँडलला अडकवलेले असते. एखाद्या चौथीच्या मुलाला थांबवून विचारा, "एवढं सगळं रोज कशाला नेतोस? आजच्या तासांचीच पुस्तकं न्यावीत की!" पुष्कळ मुलांचे उत्तर ठरलेले असते, "मग बाकीची ठेवू कुठं?"

हे उत्तर आपण मनावर घेतले पाहिजे. ज्या घरात मुलाला स्वतंत्र खोली, टेबल, कपाट आहे, तिथे नको असलेली पुस्तके कपाटात राहतात. आपल्या वस्तीतल्या एका-दोन खोल्यांच्या घरात मात्र दप्तर हेच मुलाचे कपाट असते. बाहेर काढून ठेवले तर लहान भावंड फाडते, पत्र्यातून गळलेले पाणी पडते, उंदीर कुरतडतो. म्हणून मूल सगळा संसार पाठीवर घेऊन फिरते. नुसते "दप्तर हलके कर" असे सांगून भागत नाही. पुस्तकांना घरी जागा आणि शाळेत जागा मिळाली, तरच पाठीवरचे ओझे उतरेल.

वजन किती असावे?

महाराष्ट्र शासनाने २१ जुलै २०१५ रोजी शासन निर्णय काढून सांगितले, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. तरीही ओझे कमी होईना, म्हणून ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेतली. रोज पाच ते सात किलो पाठीवर घेऊन आम्हाला तिसऱ्या मजल्यावर चढावे लागते, हे त्यांनी जगाला सांगितले. पुढे २०२० मध्ये केंद्र सरकारने दप्तर धोरण आणले. त्यातली वजने अशी :

पहिली-दुसरी : १.६ ते २.२ किलो
तिसरी ते पाचवी : १.७ ते २.५ किलो
सहावी-सातवी : २ ते ३ किलो
आठवी : २.५ ते ४ किलो
नववी-दहावी : २.५ ते ४.५ किलो
अकरावी-बारावी : ३.५ ते ५ किलो

बालवाडीच्या मुलाला तर दप्तरच नको, असे हे धोरण सांगते. दुसरीपर्यंत गृहपाठही नको.

आता आपल्या मुलाचा हिशेब करा. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मुलाचे वजन करून घ्या. समजा ते २४ किलो भरले, तर दप्तर २ किलो ४०० ग्रॅमच्या आत हवे. मग भरलेले दप्तर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. दुकानदार नाही म्हणणार नाही. आकडा बघून बहुतेक आयांना धक्का बसेल.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, बाटलीचे वेगळे. म्हणजे या मुलाच्या वाट्याचे जवळजवळ निम्मे वजन पाण्यातच गेले. म्हणून पाणी देणे बंद करायचे असे मात्र नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर मुलाचे डोके दुखते, लघवीला जळजळ होते. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असणे शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक आहे. ते असेल तर लहान बाटली द्या आणि ती तिथेच पुन्हा भरून घ्यायला सांगा.

शरीरावर काय परिणाम होतो?

पाठीवरचे ओझे मुलाला मागे खेचते. तोल सावरायला मूल कमरेतून पुढे वाकते आणि समोर बघण्यासाठी मान वर उचलते. मग मान, खांदे आणि कंबर यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात व दुखू लागतात. पट्टे अरुंद असतील तर खांद्याजवळच्या नसा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या येतात. एकाच खांद्यावर दप्तर असेल तर मूल एका बाजूला कलून चालते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रकांची रीघ लागलेल्या रस्त्यावर जड दप्तराचे मूल पटकन बाजूला होऊ शकत नाही, हा धोका तर वेगळाच.

दोन गैरसमज दूर करू. दप्तरामुळे उंची खुंटते, असे म्हणतात. त्याला आधार नाही. उंची आई-वडिलांकडून आलेल्या ठेवणीवर, आहारावर आणि आजारपणावर अवलंबून असते. दप्तराने पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, हेही सिद्ध झालेले नाही. पण मूल थकते, त्याचे अंग दुखते, त्याचा तोल जातो, आणि थकलेल्या मुलाचे मन अभ्यासात लागत नाही. काळजी घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

दप्तर कसे भरावे, कसे घ्यावे?

रात्री झोपण्यापूर्वी मुलाने स्वतः वेळापत्रक बघून दप्तर भरावे. सकाळच्या घाईत सगळेच कोंबले जाते. आई-वडिलांना वाचता येत नसेल तरी हरकत नाही. मुलाला वेळापत्रक मोठ्याने वाचायला लावा आणि एकेक पुस्तक तुमच्या हातात द्यायला सांगा.

२०२३-२४ मध्ये आठवीपर्यंतच्या इयत्तांसाठी बालभारतीने पुस्तकांचे भाग पाडले होते आणि त्यातच लिहायला कोरी पाने दिली होती. ती योजना २०२५-२६ पासून बंद झाली. आता पुन्हा पुस्तक वेगळे आणि वही वेगळी. त्यामुळे रोजची निवड पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाची झाली आहे. दोनशे पानी वह्यांऐवजी शंभर पानी घ्या; एक संपली की दुसरी.

भरताना जड पुस्तके पाठीला लागून ठेवा, हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यात. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर हवेत आणि ते इतपत आवळावेत की दप्तर कमरेच्या खाली लोंबणार नाही. पट्टे अरुंद असतील तर जुन्या गोधडीचा तुकडा दुमडून त्यांना शिवून टाका. दप्तर उचलताना गुडघ्यात वाकावे, झटका देऊन ओढू नये. पुढच्या वर्षी अंगाला येईल म्हणून मोठे दप्तर घेऊ नका. ते पाठीला नीट बसत नाही, आणि जागा दिसली की भरतेही जास्त.

सायकल असेल तर दप्तर मागच्या कॅरिअरवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा. हँडलला अडकवले तर ते वळताना चाकात जाते.

घरात पुस्तकांची जागा

घर एका खोलीचे असले तरी पुस्तकांसाठी एक फळी निघते. ती मुलाच्या छातीइतक्या उंचीवर, चुलीपासून आणि गळक्या पत्र्यापासून लांब ठोका. फळी जमत नसेल तर जुनी पत्र्याची पेटी किंवा धुऊन, उन्हात वाळवलेला तेलाचा डबा चालतो. तो दोन विटांवर ठेवा, म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकला तर कसर कमी लागते.

खताची किंवा औषधाची रिकामी गोणी पुस्तकांना, दप्तराला किंवा पावसात डोक्यावर घ्यायला कधीही वापरू नका. आपल्यापैकी अनेक जण उसाच्या, कांद्याच्या रानात कामाला जातात आणि अशा गोण्या घरी येतात. फवारणीच्या औषधाचा अंश धुऊनही राहतो आणि मुलाच्या हातातून तोंडात जातो.

घरी आल्यावर डबा दप्तरातून लगेच काढा. खरकट्याच्या वासाने उंदीर येतो आणि पुस्तकेही खातो. पावसात भिजलेले दप्तर उलटे करून वाळवा. ओल्या दप्तराला बुरशी लागते आणि दम्याच्या मुलाला त्याचा त्रास होतो. पंधरा दिवसांतून एकदा रविवारी दप्तर साबणाने धुवा.

शाळेतही जागा मागा

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की सातारच्या शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते गोणपाट त्यांना संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून इतर मुले धावली, ही हकिगत त्यांच्या चरित्रात आहे. मुलाच्या वस्तूंना शाळेत जागा असणे हा आपल्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या वस्तीतल्या आयांनी त्या बैठकीला जावे आणि तीन गोष्टी मांडाव्यात. वर्गात एक कपाट किंवा फळी असावी, जिथे चित्रकलेची वही, कार्यानुभवाचे साहित्य आणि जादा पुस्तके राहतील. एका बाकावरच्या दोन मुलांनी पुस्तके वाटून आणावीत, एकाने मराठीचे आणि दुसऱ्याने गणिताचे. आणि पोषण आहाराची ताटे शाळेतच, सगळ्यांची एकत्र ठेवली जावीत. कोणाच्या मुलाचे ताट बाजूला ठेवले जात असेल तर गप्प बसू नका, त्याच बैठकीत लेखी नोंद करायला लावा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दप्तर हलके करूनही दोन आठवड्यांत दुखणे थांबले नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढील लक्षणांत मात्र वाट बघू नका. पाठदुखीने मूल रात्री जागे होते. पाठदुखीबरोबर ताप येतो, वजन घटते. हा मणक्याचा क्षयरोग असू शकतो आणि तो औषधाने बरा होतो. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो, लघवी-संडासवर ताबा राहत नाही. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. कोल्हारकरांना लोणीचे प्रवरा रुग्णालय जवळ आहे.

मुलगा किंवा मुलगी पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते किंवा एक खांदा वर राहतो का, हेही बघा. वयात येताना कणा वाकण्याचा त्रास दिसू लागतो, आणि मुलींमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि तक्रार असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

येत्या रविवारी

वंदना झाल्यावर विहारात एक काटा आणून ठेवा. वस्तीतल्या सगळ्या मुलांनी आपापले दप्तर घेऊन यावे. आधी मुलाचे वजन करा, मग दप्तराचे, आणि दोन्ही आकडे एका वहीत लिहा. वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची जुनी पुस्तके त्याच दिवशी विहारात जमा करा. अभ्यासक्रम बदलला नसेल तर त्यातून खालच्या वर्गातल्या मुलांना दुसरा संच मिळेल. एक घरी, एक शाळेत. महिन्याने पुन्हा वजन करा आणि ती वही घेऊनच शाळेच्या बैठकीला जा. तोंडी तक्रार विसरली जाते. वहीतले आकडे समोर ठेवले, की शाळेला उत्तर द्यावे लागते.