औष्णिक फवारणीचे कठीण धातुलेप

औष्णिक फवारणीचे कठीण धातुलेप म्हणजे यंत्रभागांची झीज कमी करण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर तप्त भुकटीच्या वेगवान झोताने बसवलेले पातळ थर होत. त्यांची जाडी साधारणपणे ०.१ ते ०.४ मिलिमीटर असते.

रचना
कठीण धातू हा टंगस्टन कार्बाइडचे कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा कोबाल्टसारखा चिवट धातू यांपासून बनतो. कण ओरखडे रोखतात, तर कोबाल्ट आघात सोसतो. पाण्याशी संपर्क असल्यास गंजरोधासाठी त्यात क्रोमियम मिसळतात. सुमारे ५००° सेल्सियसच्या पुढे टंगस्टन कार्बाइडचे ऑक्सिडीभवन होते. म्हणून अधिक तापमानासाठी क्रोमियम कार्बाइड व निकेल-क्रोमियम यांचा लेप वापरतात.

फवारणीचा परिणाम
भुकटी एकच असली तरी लेपाचा झीजरोध फवारणीच्या पद्धतीनुसार बदलतो. अतितप्त झोतात टंगस्टन कार्बाइडमधील कार्बन कमी होऊन लेप ठिसूळ बनतो. १९८० च्या दशकात प्रसार पावलेल्या अतिवेगवान ऑक्सिजन-इंधन ज्योत पद्धतीत कण तुलनेने कमी तापतात, पण सेकंदाला शेकडो मीटर वेगाने आदळतात. त्यामुळे लेप दाट होतो व पृष्ठभागास घट्ट चिकटतो.

उपयोग
हिमाचल प्रदेशातील सतलज नदीवरील १,५०० मेगावॉट क्षमतेच्या नाथपा झाकरी जलविद्युत केंद्रात पाण्यातील गाळामुळे टर्बाइन झिजतात. गाळातील क्वार्ट्‌झ पोलादापेक्षा कठीण, परंतु टंगस्टन कार्बाइडपेक्षा मऊ असते. म्हणून तेथे असे लेप वापरले जातात. लेपामुळे झीज मंदावते, थांबत नाही. गाळ फार वाढल्यास संच बंद ठेवावे लागतात.

मर्यादा
पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत अनुक्रमे विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. साखर कारखान्यांत उसाबरोबर येणाऱ्या माती-वाळूने गाळपाचे रोलर झिजतात. त्यांच्या दात्यांवर मात्र सामान्यतः वेल्डिंगने कठीण धातूचे खडबडीत थेंब बसवतात. वेल्डिंगचा थर मूळ धातूशी वितळून एकजीव होतो आणि खडबडीतपणामुळे रोलरची उसावरील पकड वाढते. फवारलेला लेप मुख्यतः यांत्रिक पकडीने चिकटलेला असल्याने जबर दाबाखाली किंवा आघाताने त्याचे पापुद्रे सुटू शकतात. म्हणून लेपाची निवड केवळ कठीणपणावरून न करता झिजेचा प्रकार पाहून करतात.