अंश आणि छेद : साथीचे आंकडे कसे वाचावे

यंदा शाळा उघडून थोडेच दिवस झाले असतां दहावीच्या वर्गांत एक लहानशी गोष्ट घडली. एका विद्यार्थ्याच्या नकाशांच्या पुस्तकास जुन्या वर्तमानपत्राचें कव्हर घातलेलें होतें. पुस्तक त्याच्या थोरल्या भावाचें, आणि कव्हरहि त्याच वेळचें, म्हणजे जानेवारी २०२२ मधील. शेजारच्या मुलानें त्यावरील मथळा मोठ्यानें वाचला : इस्पितळांत लस घेतलेले रोगीहि बरेच. लागलीच त्यानें विचारलें, "सर, मग लस घेऊन उपयोग तो काय झाला ?" वर्गांत थोडा हशा पिकला. ज्याचें पुस्तक होतें तो मुलगा मात्र हंसला नाहीं. तास संपल्यावर तो आमच्याजवळ आला व खालच्या आवाजांत म्हणाला, "सर, आमच्या आजीनें लस घेतली नव्हती. अशाच बातम्या वाचून बाबांनीं तिला नको म्हटलें होतें. त्याच महिन्यांत ती कोरोनानें गेली."

त्या वेळीं काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. पुढें त्याचे वडीलहि येऊन भेटले. त्या दोघांस जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडीत आहों. कारण हाच प्रश्न मनांत घेऊन बसलेलीं घरें आणखीहि असतील, असें आम्हांस वाटतें.

तो मथळा खोटा नव्हता. तो अर्धा होता. अपूर्णांक शिकवितांना पहिल्याच दिवशीं आम्ही सांगतों कीं, रेघेच्या वरच्या संख्येस अंश म्हणतात व खालच्या संख्येस छेद. छेदावांचून अंशास अर्थ नाहीं. तीन म्हणजे किती ? तीनांपैकीं तीन, कीं तीनशांपैकीं तीन ? साथीच्या दिवसांत जे आंकडे आपल्या कानांवर पडत, ते बहुधा नुसते अंश असत. छेद शोधण्याचें काम वाचकावर येऊन पडे, आणि तें थोडेच वाचक करीत.

आपण एक गांव कल्पूं या. गांवांत १,००० प्रौढ माणसें आहेत. त्यांपैकीं ९०० जणांनीं लस घेतली आहे, १०० जणांनीं घेतलेली नाहीं. साथ आली आणि १४ जणांस इस्पितळांत न्यावें लागलें. त्यांत लस घेतलेले ९ व न घेतलेले ५. उद्यांचा मथळा काय होईल ? "इस्पितळांत लस घेतलेलेच अधिक." तो खराहि असेल. आतां छेद मांडून पाहा. ९०० पैकीं ९ म्हणजे शेंकडा १. १०० पैकीं ५ म्हणजे शेंकडा ५. लस न घेणारास धोका पांचपट होता ! याच प्रमाणानें, गांवांतील सर्वांनीं लस घेतली असती तर इस्पितळांत गेलेला प्रत्येक मनुष्य लस घेतलेलाच निघाला असता. तरी रोगी १४ न होतां १० झाले असते. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत; परंतु हिशेबाची रीत खऱ्या साथींतहि हीच.

खऱ्या साथींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. भारतांत लस टोंचण्यास १६ जानेवारी २०२१ रोजीं आरंभ झाला तो दवाखान्यांत काम करणारांपासून. १ मार्चपासून साठीच्या पुढचे लोक व पंचेचाळिशीच्या पुढचे कांहीं विशिष्ट आजार असलेले लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सर्व, १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, असा क्रम ठरला. शाळेंतील १५ ते १८ वयाच्या मुलांची पाळी ३ जानेवारी २०२२ रोजीं आली. म्हणजे ज्यांच्या जिवास मुळांतच धोका अधिक, त्यांस लस आधीं मिळाली. आणि तेंच न्याय्य होतें. परंतु यामुळें लस घेतलेल्यांत वृद्ध व दुबळे लोक अधिक, तर न घेतलेल्यांत तरुण व धडधाकट अधिक, अशी स्थिति कांहीं काळ राहिली. वय न पाहतां या दोहोंची तुलना करणें म्हणजे आजोबांस व नातवास एकाच शर्यतींत धांवावयास लावणें होय.

लसीचा एकंदर आंकडाहि असाच जपून वाचावा लागे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजीं देशांत १०० कोटि डोस पुरे झाले. ही गोष्ट अभिमानाची खरीच; त्यांतील पुष्कळशी लस आपल्या पुण्यांत तयार झालेली. परंतु तेवढे डोस म्हणजे तेवढीं माणसें नव्हेत. कोव्हिशील्ड काय, कोव्हॅक्सिन काय, दोन्हींचे दोन दोन डोस घ्यावे लागत. तेव्हां एकच मनुष्य त्या आंकड्यांत दोनदां मोजला गेलेला असे. शिवाय तो डोस कोणापर्यंत पोंचला हेंहि त्या आंकड्यांत दिसत नसे. मे २०२१ मध्यें अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस आधीं मोबाइलवरून नांव नोंदविणें भाग होतें. ज्यांच्या हातीं चांगला फोन होता ते शहरांतून मोटारीनें खेड्यांतील केंद्रावर जात, आणि त्या खेड्यांतला मजूर रांगेबाहेर उभा राही, अशी तक्रार तेव्हां ठिकठिकाणीं झाली. २४ मे रोजीं सरकारी केंद्रांत जागेवरच नांव नोंदविण्याची मुभा मिळाली, तेव्हां ही अडचण कांहींशी दूर झाली.

आतां चांचण्यांकडे वळूं. रोज संध्याकाळीं "आज इतके नवे रोगी" असा आंकडा प्रसिद्ध होई, व त्यावरून घरोघरीं धीर किंवा भीति उत्पन्न होई. परंतु रोगी सांपडतो तो चांचणी केल्यावर. चांचणीच झाली नाहीं तर रोग असूनहि तो आंकड्यांत येत नाहीं. समजा, एखाद्या तालुक्यांत सोमवारीं १०० चांचण्या झाल्या व २० जणांत रोग आढळला. मंगळवारीं ५० चांचण्या झाल्या व १५ जणांत आढळला. रोगी २० वरून १५ वर आले म्हणून आनंद मानावा काय ? शेंकडा २० चे शेंकडा ३० झाले. साथ उतरत नसून चढत असावी, असाच संशय घेणें शहाणपणाचें. सुटीच्या दिवशीं चांचण्या कमी होत, म्हणून त्यापुढील आंकडा उतरल्यासारखा दिसे. यासाठींच जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२० मध्यें सांगितलें कीं, केलेल्या चांचण्यांत बाधित लोकांचें प्रमाण निदान १४ दिवस शेंकडा ५ हून कमी राहिलें म्हणजे निर्बंध सैल करण्याचा विचार करावा. तिनें संख्या सांगितली नाहीं, प्रमाण सांगितलें; म्हणजेच छेद सोडला नाहीं.

शिवाय सर्व चांचण्या सारख्या नव्हत्या. आर.टी.-पी.सी.आर. ही चांचणी अधिक सूक्ष्म, पण तिला वेळ लागे. अँटिजेन चांचणीचें उत्तर अर्ध्या तासांत मिळे; परंतु अंगांत विषाणु थोडे असले तर "रोग नाहीं" असें चुकीचें उत्तर येण्याचा संभव तिच्यांत अधिक. म्हणून लक्षणें असून अँटिजेन चांचणींत कांहीं न आढळल्यास दुसरी चांचणी करावी, असा नियम होता. पुढें घरच्या घरीं करावयाच्या चांचण्या औषधांच्या दुकानांत मिळूं लागल्या, व त्यांतील कित्येकांचे निकाल सरकारी नोंदींत कधीं चढलेच नाहींत. तेव्हां २०२० मधील "रोगी" आणि २०२२ मधील "रोगी" हे शब्द एकच असले तरी त्यांची मोजणी एक नव्हती.

तिसरी गोष्ट विषाणूच्या नव्या प्रकारांची. छापखाने नव्हते तेव्हां पोथ्या हातानें उतरवून घेत. लिहिणारा कितीहि दक्ष असला तरी एखादा काना, एखादी वेलांटी चुके. त्या प्रतीवरून दुसरा उतरवी, तो ती चूक तशीच ठेवी व आपली एक भर घाली. विषाणूचेंहि असेंच आहे. कोरोना विषाणूची पोथी सुमारें ३०,००० अक्षरांची, आणि अक्षरें अवघीं चार प्रकारचीं. आपल्या शरीरांतील पेशींकडून तो तिच्या असंख्य नकला करवून घेतो. त्यांत होणाऱ्या बहुतेक चुका निरर्थक, कांहीं तर विषाणूसच मारक. परंतु लक्षावधि चुकांत एखादी अशी निघते कीं, तिच्यामुळें विषाणु अधिक वेगानें पसरतो, किंवा शरीरानें आधीं तयार केलेल्या प्रतिकारास चकवितो. नकला जितक्या अधिक, तितका असा योग येण्याचा संभव अधिक. म्हणून दूरच्या खेड्यांतील साथ हीहि आपलीच काळजी असते.

डेल्टा नांवाचा प्रकार प्रथम भारतांत, ऑक्टोबर २०२० मध्यें घेतलेल्या नमुन्यांत आढळला. २०२१ च्या उन्हाळ्यांतील भयंकर लाट मुख्यतः त्याची. ओमिक्रॉन प्रकाराची वार्ता दक्षिण आफ्रिकेनें २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेस दिली. हीं ग्रीक अक्षरांचीं नांवें ३१ मे २०२१ रोजीं मुद्दाम ठरविण्यांत आलीं; कारण रोगास देशाचें नांव पडलें म्हणजे त्या देशास कलंक लागतो, व मग खरी वार्ता देण्यास कोणी धजत नाहीं. तरीहि वेळेवर सत्य सांगणाऱ्या दक्षिण आफ्रिकेस अनेक देशांनीं प्रवासबंदीच घातली, ही गोष्ट खेदाची होय.

ओमिक्रॉन सौम्य आहे, असें लोक म्हणत. एकेका रोग्यापुरतें पाहिलें तर डेल्टाच्या मानानें तें बरेंचसें खरें होतें. परंतु १,००० रोग्यांत शेंकडा ४ गंभीर झाले तर ते ४० होतात. १०,००० रोग्यांत शेंकडा १ झाले तर ते १०० होतात. प्रमाण उतरलें तरी रोग्यांची एकंदर संख्या वाढल्यामुळें इस्पितळें भरूं शकतात. ओमिक्रॉन लस घेतलेल्यांसहि सहज गांठी. जानेवारी २०२२ मधील त्या मथळ्याचें हेंहि एक कारण होतें. तथापि गंभीर आजारापासून लसीनें होणारें रक्षण त्यांतहि पुष्कळ टिकून राहिलें. वृद्धांस लस द्यावी ती याचसाठीं.

लसीची भीति आपल्याकडे नवी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला असतां हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यावर लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें १९०२ सालीं त्या काळच्या पंजाबांतील मुलकोवाल येथें १०७ जणांस ती टोंचली असतां १९ जण धनुर्वातानें मरण पावले. दोष हाफकिन यांजवर आला व त्यांस कामावरून दूर व्हावें लागलें. परंतु नोंदी नीट पाहतां असें दिसलें कीं, ते १९ जण एकाच बाटलींतून टोंचलेले होते; उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेणारांपैकीं एकासहि धनुर्वात झाला नाहीं. लस वाईट नव्हती, एक बाटली दूषित झाली होती. १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले, आणि १९२५ पासून परळ येथील ती संस्था त्यांच्याच नांवानें चालते. १९ हा आंकडा खराच होता. त्याचा अर्थ, बाटल्या वेगळ्या मांडून पाहिल्यावर कळला.

यावरून लसीपासून कधींच अपाय होत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीनें फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा गंभीर विकार झाला, हें सिद्ध आहे. ब्रिटनमध्यें तें उघडपणें सांगण्यांत आलें, व ७ एप्रिल २०२१ रोजीं तिशीच्या आंतील लोकांस शक्यतों दुसरी लस द्यावी असा सल्ला तेथें देण्यांत आला. कारण तरुणांस कोरोनापासूनचा धोकाच थोडा, म्हणून त्यांच्या बाबतींत दोन धोक्यांची तुलना वेगळी ठरते. अपाय लपविल्यानें विश्वास वाढत नाहीं; तो किती जणांपैकीं किती जणांस झाला, हें सांगितल्यानें वाढतो.

मृत्यूंच्या आंकड्यासहि हाच न्याय. २०२१ च्या अखेरपर्यंत भारतांत या रोगानें सुमारें ४ लाख ८० हजार मृत्यु झाल्याची सरकारी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें त्या दोन वर्षांतील अधिक मृत्यूंचा अंदाज सुमारें ४७ लाख असा दिला, व भारत सरकारनें त्या हिशेबाच्या पद्धतीस हरकत घेतली. पहिला आंकडा नोंद झालेल्या मृत्यूंचा. दुसरा, एरव्हीं जितके मृत्यु होते त्यांहून अधिक किती झाले याचा अदमास. दोन्ही एकाच गोष्टीचे आंकडे आहेत असें समजून भांडणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ भेटतात.

आतां त्या वडिलांविषयीं. त्यांनीं आम्हांस सरळच विचारलें, "सर, लस घेतली असती तर आई वांचली असती काय ?" आम्हीं त्यांस सांगितलें कीं, आंकडे हजारांविषयीं बोलतात, एकाविषयीं बोलत नाहींत. त्या कल्पित गांवांत लस घेऊनहि ९ जण इस्पितळांत गेलेच होते. आई त्यांत असती कीं नसती, हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. तिच्या बचावाचा संभव वाढला असता, एवढें खरें, व तें आम्हीं त्यांजपासून लपविलें नाहीं. परंतु त्यांनीं नको म्हटलें तें आईच्या काळजीनेंच. जें वाचावयास मिळालें त्यावरून त्यांनीं निर्णय केला. ते स्वतः मराठी शाळेंत अपूर्णांक शिकलेले आहेत. तो अपूर्णांक परीक्षेबाहेर कोठें लावावयाचा असतो हें त्यांस कोणीं शिकविलें नाहीं, आणि हा दोष आम्हां शिक्षकांचाहि आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, आंकडा दिसला कीं तीन प्रश्न विचारावे : किती पैकीं ? कोणीं व कशी मोजणी केली ? तुलना कोणाशीं ? उत्तर मिळेपर्यंत तो आंकडा पुढें पाठवूं नये, व त्यावरून घरांतील कोणास घाबरवूंहि नये. त्या मुलानें आपल्या पुस्तकाचें कव्हर अजून बदललेलें नाहीं. मथळ्याच्या खालीं त्यानें पेन्सिलीनें एक आडवी रेघ ओढली आहे, आणि रेघेखालीं लिहिलें आहे, "किती पैकीं ?" हा प्रश्न आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलानें व मुलीनें आपल्या घरीं न्यावा.