पोर्तुगालच्या किनाऱ्यावर कुठे जावं, केव्हा जावं

पोर्तुगालची सहल आखताना बहुतेक जण आधी शहरं ठरवतात: लिस्बन, सिंत्रा, पोर्तो. उरलेले दिवस समुद्राला. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी तिथला समुद्र समजून घ्यावा, त्यावरून महिना ठरवावा आणि मग गाव. कारण एकाच आठवड्यात, एकाच उन्हात, तिथल्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे समुद्र भेटतात.

सुरुवात उन्हापासून करू. उन्हाळ्यात अझोर्स बेटांच्या आसपास हवेचा दाब वाढतो. अटलांटिकवरून येणारी पावसाळी वादळं त्याला वळसा घालून उत्तरेकडे निघून जातात, म्हणून जुलै-ऑगस्टात दक्षिण पोर्तुगालमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच. याच दाबामुळे पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेचा वारा सुटतो. तिथे त्याला ‘नोर्तादा’ म्हणतात. हा वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहतो, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे भर समुद्राकडे ढकललं जातं. त्या जागी खालचं गार पाणी वर येतं. म्हणून लिस्बनजवळच्या किनाऱ्यांवर ऑगस्टात वाळूने तळपाय भाजतात आणि पाण्यात शिरलं की हुडहुडी भरते.

पोहणाऱ्याची निराशा करणारं हे पाणी मासे खाणाऱ्याचं मात्र भलं करतं. खालून आलेल्या पोषक द्रव्यांवर प्लवक वाढतं आणि प्लवकावर सार्डिन पोसते. ती आपल्या तारलीच्याच कुळातली. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यावरही असंच खालचं पाणी वर येतं आणि तारलीला चारा मिळतो. १२ जूनच्या रात्री, सेंट अँथनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, लिस्बनच्या अल्फामा भागात गल्लोगल्ली निखाऱ्यांवर सार्डिन भाजतात. जाडं मीठ लावलेला मासा पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात आणि माशाचं तेल त्या पावात मुरतं. एवढ्यासाठी सहल जूनमध्ये बेतली तरी ती सार्थकी लागेल.

नाझारेचं गणित वेगळं. लिस्बनहून बसने साधारण दोन तासांवरचं हे कोळ्यांचं गाव. ज्या लाटांमुळे ते जगाला ठाऊक झालं, त्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये उठतात, त्याही गावाच्या उत्तरेच्या ‘प्राया दो नोर्ते’ किनाऱ्यावर, आणि रोज नव्हे. जुलैत गेलात तर त्या दिसणार नाहीत. त्यांचं मूळ पाण्याखाली आहे. इथे समुद्रतळाला एक प्रचंड दरी पडली आहे. २०० किलोमीटरहून लांब आणि पश्चिमेच्या टोकाला सुमारे ५,००० मीटर खोल. तिचं अलीकडचं टोक पार किनाऱ्याजवळ, किलोमीटरभराच्या आत येऊन थांबतं.

हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळांनी उठवलेल्या लांबलचक लाटा इथवर येतात. उथळ पाण्यात शिरलेल्या लाटेला तळ लागतो आणि ती मंदावते. दरीवरून येणाऱ्या भागाला मात्र तळ लागतच नाही, त्यामुळे त्याचा वेग टिकून राहतो. अशी एकच लाट दुभंगते. दरीवरचा वेगवान भाग काठाशी वळतो आणि प्राया दो नोर्तेसमोर मंदावलेल्या भागाला तिरका येऊन भिडतो. दोन्हींचे माथे एकाच जागी आले की उंची वाढते. किनाऱ्यावरून परत फिरलेला प्रवाह समोरून धडकतो, तशी ती आणखी उभी राहते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन श्टॉइडनर हा जर्मन सर्फर इथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवरून उतरला. गिनीजने तो विक्रम म्हणून नोंदवला.

हे पाहायची जागा म्हणजे कड्याच्या टोकावरचा दीपगृहाचा किल्ला. मोठ्या लाटांचा अंदाज काही दिवस आधी कळतो. तेव्हा मुक्काम लिस्बनमध्ये ठेवावा आणि अंदाज पाहूनच बस पकडावी. किल्ल्याखालच्या खडकांवर उतरायचा मोह टाळावा.

पोहायचंच असेल तर दक्षिणेला अल्गार्वमध्ये जावं. या किनाऱ्याचं तोंड दक्षिणेला असल्याने नोर्तादाचा जोर इथे कमी पडतो. पूर्वेकडे ताविराला उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या वर जातं. लागोस ते अल्बुफेइरा या पट्ट्यातले पिवळे-तांबूस कडे चुनखडीचे आहेत. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेल्या या खडकात आजही शिंपले दिसतात. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी चुनखडी वरून विरघळवत खड्डे पाडतं, खालून लाटा गुहा कोरतात. दोन्ही एकमेकांना मिळाले की छताला भोक पडतं. बेनागिलच्या प्रसिद्ध गुहेत वरून ऊन उतरतं ते अशाच भोकातून.

ही झीज अजून थांबलेली नाही. ऑगस्ट २००९मध्ये अल्बुफेइराजवळच्या मारिया लुइझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जणांचा जीव गेला. म्हणून सावली कितीही हवीशी वाटली तरी कड्याखाली बसू नये, धोक्याच्या पाट्या मानाव्यात. बेनागिलच्या गुहेत पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायला २०२४पासून मनाई आहे. गुहा बोटीतून किंवा मार्गदर्शकासोबत कयाकमधूनच पाहायची.