मोठा प्रासाद आणि लहान घर

स्वतःच्या हाताने आराखडा काढून मनाजोगते घर बांधावे, आणि राहावयास गेल्यावर सुख मात्र तेथे सापडू नये, असे कधी कधी घडते. जर्मनीतील एसेन शहरची ‘व्हिला ह्यूगेल’ ही वास्तू याची साक्ष देते.

तिचा धनी आल्फ्रेड क्रुप हा पोलादाचा कारखानदार. रेल्वेची बिनजोड चाके आणि पोलादी तोफा यांच्या बळावर त्याने अलोट संपत्ती मिळविली. रूर नदीच्या खोऱ्यातील एका टेकडीवर १८७० ते १८७३ या काळात त्याने हा २६९ खोल्यांचा प्रासाद, प्राचीन अभिजात शिल्पाच्या धर्तीवर, उभारला. वास्तुशिल्पी हाताशी होते. पण मूळ रेखाटने आल्फ्रेडचीच. आगीची त्याला फार धास्ती, म्हणून शक्य तेथे लाकूड टाळून दगड, लोखंड व काच वापरली. ऊब व हवा पुरविण्याच्या योजनेतही त्याने स्वतः लक्ष घातले. रोपे वाढेपर्यंत थांबण्याचा धीर नव्हता. तेव्हा वाढलेले वृक्षच आणून लावले.

परंतु ती योजना नीट चालेना, आणि एवढ्या मोठ्या दालनांत घरपण काही आले नाही. पत्नी बेर्था हिचे मन तेथे रमले नाही. १८८२ साली, मुलाच्या विवाहावरून वाद झाला तेव्हा, ती निघून गेली. १८८७ साली आल्फ्रेडचा अंत त्याच प्रासादात झाला.

क्रुपचे आणखी एक घर होते. तंगीच्या दिवसांत, १८२४ साली, त्याचे आईबाप कारखान्याजवळच्या एका लहानशा घरात राहावयास आले. १८२६ साली वडील वारले, तेव्हा आल्फ्रेड अवघा चौदा वर्षांचा होता. कारखान्याचा भार त्याने तेथूनच उचलला. नवलाची गोष्ट ही की, ज्या १८७३ साली तो प्रासादात गेला, त्याच साली हे जुने घर जतन करावे, अशी इच्छा त्याने आपल्या कामगारांना लिहून कळविली.

दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात ते घर नष्ट झाले. १९६१ साली ते पुन्हा बांधण्यात आले. प्रासाद १९४५ साली दोस्त सैन्याने ताब्यात घेतला, आणि १९५३ पासून तो लोकांसाठी खुला झाला. त्याचा विस्तार पाहून प्रेक्षक थक्क होतात. पण आल्फ्रेडला ज्या घराची आठवण जपावीशी वाटली, ते त्याने स्वतः रेखाटलेले नव्हते; आईबापांनी ज्यात हालअपेष्टा सोसल्या, ते होते.