छंद आणि अभ्यास

‘छंद’ म्हणजे आवड, तसाच पद्यरचनेचा बंधही. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला वृत्तबद्ध कविता लिहिण्याचा छंद असेल, तर अभ्यासासाठी त्याने तो सोडावा काय? संगणक ० आणि १ या दोन अंकांवर चालतो. अक्षरगणवृत्त लघू आणि गुरू या दोन अक्षरभेदांवर. तीन अक्षरांत लघुगुरूंच्या मांडण्या आठच होतात. तेच आपले आठ गण. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याच्या चरणात चार ‘य’ गण येतात. लघूला ०, गुरूला १ मानल्यास तो चरण असा दिसतो: ०११ ०११ ०११ ०११. चरण वृत्तात बसतो का, हे विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली तपासू शकेल. त्यात काव्य आहे का, हे मात्र रसिकानेच ठरवायचे. आपणही आवडीचा एक चरण असा मांडून पाहा.