सात ओळी आणि भामरागडचा दंड

काही वर्षांपूर्वी मी चंद्रपुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणकाचं काम पाहत होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा. गावी गेलेली मुलं तिकडेच अडकायची, पुस्तकं उशिरा यायची. संगणक बिचारा दिवस मोजून दंड लावणार. म्हणून ग्रंथपालांच्या सांगण्यावरून मी प्रोग्रॅममध्ये एक दुरुस्ती केली : सदस्याचा तालुका पुरात अडकणाऱ्यांपैकी असेल, तर नोंदवलेल्या पुराच्या दिवसांचा दंड धरायचा नाही. सगळ्या मिळून सात ओळी.

अशी दुरुस्ती करता आली, कारण ते सॉफ्टवेअर मुक्त प्रकारचं होतं. म्हणजे त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला. ग्रंथालयांसाठीचं 'कोहा' हे या जातीचं प्रसिद्ध उदाहरण. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात ते जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट मिळालेल्या सदऱ्याच्या बाह्या आपण आखूड करून घेतो, तसंच हे. पण पुढच्या वर्षी नवा सदरा आला की बाह्या पुन्हा लांबच!

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना हेच होतं. नव्या फायली जुन्यांच्या जागी बसतात आणि तुमच्या दुरुस्त्या पुसल्या जातात. म्हणून आधी मूळ फाईल आणि आपली बदललेली फाईल शेजारी ठेवून फरक काढावा लागतो. त्यासाठी 'डिफ' नावाचं साधन आहे, १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये तयार झालेलं. ते ओळीला ओळ लावून पाहतं. मात्र ते अर्थ पाहत नाही, अक्षर पाहतं. एका रिकाम्या जागेचा फरक असला तरी त्याच्या लेखी ती ओळ वेगळी.

आमचं घोडं इथेच अडलं. मधल्या काळात एका सहकाऱ्याने चांगल्या हेतूने ती फाईल 'नीटनेटकी' केली होती. प्रोग्रॅम लिहिताना एका अटीच्या पोटात दुसरी अट आली, की ती ओळ थोडा समास सोडून लिहितात. हा समास टॅबच्या एका कळीने सोडता येतो, किंवा स्पेस देऊन. मूळ फाईलीत टॅब होते, त्याने सगळीकडे चार-चार स्पेस केल्या. डोळ्यांना फरक दिसेना, पण डिफने जवळपास सगळी फाईल बदललेली दाखवली. त्या गर्दीत आमच्या ओळी शोधायच्या कशा? मी आठवतील तेवढ्या दुरुस्त्या परत घातल्या. पुराची राहिली.

त्या ऑगस्टात भामरागडकडचा एक मुलगा दोन पुस्तकं घेऊन आला. पडद्यावर दंड दिसला. तो काही बोलला नाही, पैसे भरून गेला. चूक आमच्या लक्षात आली ती सप्टेंबरात, पावत्या तपासताना. पैसे परत केले, पण मधला महिनाभर त्याने एकही पुस्तक नेलं नव्हतं.

टॅब की स्पेस, यावर जगभरचे प्रोग्रॅमर हिरिरीने भांडतात. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. पायथन भाषेच्या २००१ सालच्या लेखन-नियमांत चार स्पेस सांगितल्या आहेत. लिनक्सच्या गाभ्यात टॅब, तोही आठ अक्षरांइतका रुंद. ड्रुपलवाले दोन स्पेस देतात, वर्डप्रेसवाले टॅब. टॅबची रुंदी ज्याची त्याला ठरवता येते, अधू दृष्टीच्या माणसाला ती सोयीची. स्पेस मात्र कुठेही उघडा, तशीच दिसते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या 'गो' भाषेने यावर बरा तोडगा काढला : मजकुराची मांडणी एक साधनच करून देतं, वादाला जागा नाही. माझं विचाराल तर दोन्ही चालतील. फक्त ज्या घरात जी रीत आहे ती पाळावी, आणि दुसऱ्याच्या घरात जाऊन भांडी नव्याने लावू नयेत.

डिफला 'रिकाम्या जागा मोजू नकोस' असं सांगता येतं, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर बराच त्रास वाचला असता. अर्थात ओळीच तोडल्या-जोडल्या असतील, तर तेही पुरत नाही. साफसफाई करायचीच तर ती स्वतंत्रपणे करावी, तिच्यात दुसरा बदल मिसळू नये, आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी. २००५ पासून 'गिट' हे त्याचं उत्तम साधन आहे. त्याहून चांगलं म्हणजे मूळ फाईलला हातच न लावणं. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये आपली भर वेगळ्या फाईलीत जोडायची सोय असते.

आम्ही त्या सात ओळी अशाच वेगळ्या काढल्या, आणि त्या कशासाठी आहेत ते वर मराठीत लिहून ठेवलं. नंतर प्रत्येक नवी आवृत्ती बसवली की भामरागड तालुक्याचा एक खोटा सदस्य तयार करायचा, त्याच्या नावावर पुस्तक द्यायचं आणि पुराच्या तारखा घालून ते उशिरा जमा करून पाहायचं, असा नेम ठेवला. दंड शून्य आला, की मगच खिडकी उघडायची.