मागच्या चाकाला रुंद टायर घालावा का?



पांढऱ्या कांद्याच्या माळा असोत, नाहीतर रेवदंडा-चौलच्या वाडीतले नारळ-सुपारी असोत, आपल्याकडे पुष्कळसा माल आता मोटारसायकलवर बाजारात जातो. मे महिना आला की टायर बदलायची वेळ येते आणि मग बरेच जण विचारतात, "साहेब, मागे रुंद टायर घातला तर ओझं जास्त पेलेल ना? पावसात गाडी घसरणार नाही ना?"

हाच विचार करून मीही एकदा फसलो आहे. माझ्या १०० सीसी गाडीला मी मागे ११० मि.मी.चा टायर बसवून घेतला. गाडी भारदस्त दिसू लागली. पण दोन पोती लादून निघालो तर कार्लेखिंडीच्या चढावर करपट वास आला. उतरून पाहिले तर टायरची कड चेनकव्हरला घासून सोलली होती. पाऊस असता आणि टायर फुटला असता, तर ही पत्रिका लिहायला मी राहिलो नसतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरवरचे आकडे वाचा

समजा टायरवर ८०/१००-१८ असे लिहिले आहे. यातले ८० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. जुन्या पद्धतीचा २.७५-१८ हा साधारण याच मापाचा.

पुढे ४७ किंवा ५४ असा आकडा आणि एक अक्षर असते. हा आकडा ओझ्याचा आहे आणि आपल्या कामाचा खरा आकडा हाच. ४७ म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त १७५ किलो, ५० म्हणजे १९० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. हे वजनही हवा पूर्ण असेल तरच. ८०/१००-१८ याच मापात ४७ चा आणि ५४ चा, असे दोन्ही टायर मिळतात. म्हणजे रुंदी न वाढवताही जास्त ओझ्याचा टायर घेता येतो. दुकानात रुंदी विचारण्याआधी हा आकडा विचारा.

आता हिशेब करू. गाडीच्या वजनापैकी सुमारे ६० किलो आणि चालवणाऱ्याचे ४५ किलो मागच्या चाकावर येतात, असे धरा. झाले १०५. मागे ५० किलोचे एक पोते बांधले की १५५. दुसरे पोते बांधले की २०५, म्हणजे ४७ चा टायर हरला. आणि ५४ चा टायर घातला तरी आरे, शॉकॲब्सॉर्बर आणि ब्रेक जुनेच राहतात. त्यांची ताकद टायरने वाढत नाही. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वजनाच्या वर जाऊ नका. दोन पोत्यांना दोन खेपा कराव्यात, हे बरे.

ओझे हवा पेलते

टायरमध्ये ३० पौंड हवा असली, तर जमिनीला टेकलेला प्रत्येक चौरस इंच सुमारे ३० पौंड ओझे पेलतो. १५० किलो म्हणजे ३३० पौंड. त्याला ११ चौरस इंच जागा टेकावी लागते. हवा तीच ठेवली, तर टायर रुंद असो की अरुंद, टेकणारी जागा जवळजवळ तेवढीच राहते. फक्त ती आडवी होते. तेव्हा हवा कमी ठेवून रुंद टायर घालणे म्हणजे फुटकी बादली मोठी घेण्यासारखे आहे.

गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत मागच्या चाकाच्या हवेचे दोन आकडे असतात, एका माणसाचा आणि दोघांचा. पोते बांधलेत की दोघांचा आकडा धरा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

रिम काय म्हणते?

रिमवर १.६० x १८ किंवा १.८५ x १८ असे कोरलेले असते. पहिला आकडा रिमची आतली रुंदी, इंचात. १.६० च्या रिमला ८० मि.मी.च ठेवावा. १.८५ ला ९० पर्यंत चालतो. १०० किंवा ११० घातला तर अरुंद रिम त्याला दोन्ही बाजूंनी चेपते, टायर वरून गोल होतो आणि मधलीच पट्टी रस्त्याला टेकते. पैसे रुंदीचे दिले, पण रुंदी मिळाली नाही!

उंचीचेही बघा. ८०/१०० च्या जागी ९०/९० घातला तर चाक जवळपास तेवढेच राहते. १००/९० घातला तर व्यास सुमारे २० मि.मी. वाढतो आणि भरल्या गाडीला चढ जड जातो.

चिखल, पुळण आणि पाऊस

सैल पुळणीत रुंद टायर कमी रुततो, हे खरे. पण खारबांधावरच्या चिकणमातीत अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागतो, तर रुंद टायर वरच तरंगतो. ओल्या डांबरी रस्त्यावर रुंदीपेक्षा खाचा महत्त्वाच्या, कारण पाणी त्यांतूनच बाहेर जाते. दुचाकीला कायद्याने किमान ०.८ मि.मी. खाच लागते. पण आपल्या पावसाला तेवढ्यावर विसंबू नका, टायर आधीच बदला.

बदलताना एवढे बघा

१. एका मापापेक्षा जास्त वाढवू नका, आणि तेही रिम परवानगी देत असेल तरच.
२. टायर बसवल्यावर चेन ताणून घ्या आणि चाक हाताने फिरवा. चेन, चेनकव्हर, मडगार्ड आणि मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतो तो भाग, सगळीकडे बोट जाईल एवढी जागा हवी. दोन माणसे बसवून पुन्हा बघा.
३. माप बदलले तर ट्यूबही त्याच मापाची घ्या. जुनी ताणली की पातळ होते.
४. खाऱ्या हवेने रिम आतून गंजते आणि पोपडे ट्यूबला कापतात. गंज घासून काढा, रिमपट्टी नवी घाला.
५. टायरवर चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. बरीच वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.
६. टायरवरचा बाण चाक पुढे फिरते त्या दिशेला हवा.

थोडक्यात, आधी हवा, मग ओझ्याचा आकडा, मग खाचा, आणि रुंदी सगळ्यात शेवटी. माल उद्याही बाजारात नेता येईल. तो नेणारा मात्र संध्याकाळी घरी परतला पाहिजे.